पेशीतला पंप: मोडायचा की ओळखायचा?

कर्करोगावरील एखादे औषध निकामी ठरते तेव्हा पुष्कळदा ते एकटे निकामी ठरत नाही, ही केमोथेरपीच्या इतिहासातील सर्वांत त्रासदायक वस्तुस्थिती आहे. पहिल्या काही सायकलमध्ये गाठ आक्रसते, रुग्णाची भूक परत येते, स्कॅनचा अहवाल घरच्यांना धीर देणारा असतो. पुढे काही महिन्यांनी रोग उलटतो तेव्हा आधी दिलेल्या औषधाला तो दाद देत नाहीच, पण ज्या औषधांशी त्या पेशींचा कधी संबंधही आलेला नसतो आणि ज्यांची रासायनिक घडण व मारा करण्याची रीत पूर्णपणे निराळी असते, अशा औषधांनाही तो जुमानत नाही. या प्रकाराला बहुऔषधी प्रतिरोध म्हणतात. त्याची कारणे अनेक असली तरी सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले कारण म्हणजे पेशीच्या आवरणातील वाहक प्रथिने, म्हणजेच रेणूंची आत-बाहेर ने-आण करणारी प्रथिने होत. त्यांपैकी काही प्रथिने आत शिरलेले औषध पुन्हा बाहेर टाकतात, म्हणून त्यांना पंप म्हटले जाते. हा पंप मोडणारे औषध शोधण्यात कर्करोगशास्त्राने दोन दशकांहून अधिक काळ घालवला आणि बव्हंशी अपयश पदरी पाडून घेतले. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की ते अपयश औषधांचे कमी आणि प्रश्नाच्या मांडणीचे अधिक होते. कोणत्या रुग्णाच्या कोणत्या गाठीत, उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर हा पंप कार्यरत आहे हे ओळखून औषधाची निवड बदलणे हाच फलदायी मार्ग आहे; आणि संयुक्त अरब अमिरातीसारख्या, जनुकीय तपासणीवर मोठी गुंतवणूक करणाऱ्या पण बहुसंख्य रहिवासी परदेशी असलेल्या देशात या मार्गाची खरी कसोटी लागणार आहे.

या प्रतिरोधाचा माग प्रथम लागला तो रुग्णालयात नव्हे, तर काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये. शरीराबाहेर पेशी जगवण्याच्या तंत्राला ऊतीसंवर्धन म्हणतात. हे तंत्र मुंबईत रुजवण्याचे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांना जाते. ज्या प्रयोगशाळेत प्रसिद्ध ‘हीला’ पेशी वाढवल्या गेल्या, त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्रयोगशाळेत काम करून त्या परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. याच तंत्राच्या आधारे न्यूयॉर्कमध्ये जून बीडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टर या प्राण्याच्या पेशींना अ‍ॅक्टिनोमायसिन या औषधाची मात्रा हळूहळू वाढवत दिली आणि १९७० मध्ये असे दाखवले, की त्यातून तगलेल्या पेशी इतर असंबद्ध औषधांनाही पुरून उरतात. १९७३ मध्ये डेन्मार्कमधील केल्ड डॅनो यांनी प्रतिरोधक पेशी आत आलेले डॉनोमायसिन हे औषध ऊर्जा खर्चून बाहेर टाकतात असे सिद्ध केले, आणि १९७६ मध्ये टोरांटो येथे रुडॉल्फ जुलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना अशा पेशींच्या आवरणात १,७०,००० डाल्टन वजनाचे एक प्रथिन सापडले. पेशीच्या पारगम्यतेशी, म्हणजे पदार्थांना आत येऊ देण्याच्या गुणाशी त्याचा संबंध असावा असे वाटल्यामुळे त्याला ‘पी-ग्लायकोप्रोटीन’ हे नाव मिळाले. १९८६ मध्ये त्याचे मानवी जनुक हाती आले. आज ते ‘एबीसीबी१’ या नावाने ओळखले जाते.

हे प्रथिन काम कसे करते, ते थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील सगळा वाद त्या कार्यपद्धतीवरच उभा आहे. १,२८० अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या आवरणातून बारा वेळा आरपार गेलेली असते आणि तिच्या मध्यभागी एक मोठी, स्निग्ध अस्तराची पोकळी तयार होते. डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेलसारखे स्निग्धप्रेमी औषध आवरणाच्या मेदाच्या थरात शिरले, की पेशीच्या अंतर्भागात पोहोचण्याआधीच ते त्या थरातूनच या पोकळीत ओढले जाते. मग पेशीचे इंधन असलेल्या एटीपी या रेणूचे विघटन होते, त्या ऊर्जेने प्रथिनाचा आकार पालटतो, आतल्या बाजूला उघडी असलेली पोकळी बाहेरच्या बाजूला उघडते आणि औषध पेशीबाहेर फेकले जाते. पोकळी ऐसपैस असल्यामुळे एका विशिष्ट रेणूचीच ओळख पटवण्याचे बंधन तिच्यावर नसते; व्हिनक्रिस्टीन, पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन, इटोपोसाइड अशी परस्परांशी नाते नसलेली औषधे ती सारख्याच तत्परतेने उचलते. मात्र सिस्प्लॅटिन, सायक्लोफॉस्फमाइड किंवा ५-फ्लुओरोयुरॅसिल ही नेहमीची औषधे तिच्या तावडीत सापडत नाहीत, आणि हा अपवाद पुढील युक्तिवादात फार महत्त्वाचा आहे.

पी-ग्लायकोप्रोटीन एकटे नाही. एटीपीच्या ऊर्जेवर चालणाऱ्या अशा वाहकांचे मानवी शरीरात ४८ जनुकांचे एक कुटुंबच आहे. १९९२ मध्ये कॅनडातील सुझन कोल आणि रॉजर डीली यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींतून ‘एमआरपी१’ हा दुसरा पंप शोधला, तर १९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींतून ‘एबीसीजी२’ हा तिसरा. शिवाय उलट दिशेने, म्हणजे औषध आत नेणारी वाहक प्रथिनेही असतात: मेथोट्रेक्सेट हे औषध फोलेटच्या वाहकामार्फत पेशीत शिरते, जेमसिटाबाइन न्यूक्लिओसाइडच्या वाहकामार्फत. असा प्रवेशमार्ग पेशीने बंद केला किंवा कमी केला, तर बाहेर फेकणारा एकही पंप नसताना प्रतिरोध निर्माण होतो. प्रतिरोधाची चर्चा केवळ पंपांपुरती मर्यादित ठेवणे म्हणूनच अपुरे ठरते.

पंप सापडल्यावर तो बंद पाडणारे औषध केमोथेरपीसोबत द्यावे ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते. जपानमधील ताकाशी त्सुरुओ यांनी १९८१ मध्ये, रक्तदाब आणि हृदयविकारावर वापरले जाणारे व्हेरापामिल हे औषध प्रतिरोधक रक्तकर्करोगाच्या पेशींना व्हिनक्रिस्टीनपुढे पुन्हा हतबल करते असे दाखवले आणि या कल्पनेला प्रायोगिक पाया मिळाला. व्हेरापामिलची परिणामकारक मात्रा माणसाच्या हृदयाला झेपणारी नव्हती, म्हणून व्हॅलस्पोडारसारखी दुसऱ्या पिढीची आणि टारिक्विडार, झोसुक्विडार यांसारखी तिसऱ्या पिढीची नेमकी रोधके तयार झाली. परिणाम निराशाजनक होता. व्हॅलस्पोडार शरीरातील औषध-विघटनाची क्रियाही मंदावत असल्याने केमोथेरपीची मात्रा कमी करणे भाग पडले आणि लाभाचा हिशोब करणेच अवघड झाले. टारिक्विडारच्या फुप्फुसाच्या कर्करोगावरील मोठ्या चाचण्या २००३ मध्ये विषबाधेच्या कारणाने थांबवाव्या लागल्या. आणि तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या साठीपुढील रुग्णांवरील झोसुक्विडारच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोधक मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान ७.२ महिने, तर निष्क्रिय औषध मिळालेल्यांचे ९.४ महिने भरले. सायक्लोस्पोरिनच्या २००१ मधील एका चाचणीत लाभ दिसला होता हे खरे, परंतु एका चाचणीच्या आधारावर उपचारपद्धती उभी राहत नाही.

या अपयशाचा अर्थ लावताना रोधके पुरेशी शक्तिमान नव्हती, असे सांगितले जाते. पण तिसऱ्या पिढीच्या रोधकांच्या बाबतीत हा खुलासा टिकत नाही. अधिक पटणारा खुलासा पंपाच्या निरोगी शरीरातील कामात सापडतो. १९८७ पासूनच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले, की पी-ग्लायकोप्रोटीन यकृताच्या पित्तनलिकांत, मूत्रपिंडात, आतड्याच्या अस्तरात, वारेत आणि मेंदूच्या केशवाहिन्यांत कायम पहाऱ्यावर असते. अॅमस्टरडॅम येथे आल्फ्रेड शिंकेल यांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले तेव्हा ते दिसायला पूर्णपणे निरोगी होते. परंतु वसाहतीत गोचिडीसारख्या परजीवींचा प्रादुर्भाव झाल्याने आयव्हरमेक्टिनची फवारणी केली गेली आणि ते उंदीर मेले, कारण एरवी मेंदूबाहेर रोखले जाणारे ते औषध त्यांच्या मेंदूत शिरले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्या उंदरांची आयव्हरमेक्टिनबाबतची संवेदनशीलता सामान्य उंदरांहून जवळपास शंभर पटींनी अधिक होती. कोली जातीच्या कुत्र्यांना हेच औषध का बाधते याचे उत्तरही २००१ मध्ये याच जनुकातील दोषात मिळाले. जुलाबावर घेतली जाणारी लोपेरामाइडची गोळी अफूच्या वर्गातील असूनही गुंगी आणत नाही, तीही याच पहारेकऱ्यामुळे. पंप रोखणारे क्विनिडीन सोबत दिले, तर लोपेरामाइड श्वसनावर परिणाम करते असे २००० मध्ये निरोगी स्वयंसेवकांत दिसून आले.

कर्कपेशीने हा पंप नव्याने निर्माण केलेला नसतो. शरीराने विषांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी लक्षावधी वर्षांत घडवलेली व्यवस्था ती उचलते, आणि यकृत किंवा मोठे आतडे यांसारख्या अवयवांतील कर्करोगात तर ती वारशानेच चालत येते. अशा वेळी संपूर्ण शरीरातील पंप एकाच वेळी बंद पाडणे म्हणजे गावात शिरलेला एक चोर पकडण्यासाठी सगळ्या घरांच्या कड्या काढून टाकण्यासारखे आहे: औषध गाठीत साठते, पण त्याचबरोबर अस्थिमज्जेत, आतड्यात आणि मेंदूतही साठते. रोधकांच्या चाचण्यांत वारंवार आढळलेली विषबाधा हा त्यामुळे अपघात नव्हता. तो त्या कल्पनेचाच परिणाम होता.

यावर एक आक्षेप असा, की मग पंपाचा सिद्धान्तच मोडीत काढावा. सिस्प्लॅटिनचा प्रतिरोध डीएनएच्या दुरुस्तीतून उद्भवतो, लक्ष्यवेधी औषधांचा प्रतिरोध लक्ष्याच्या उत्परिवर्तनातून उद्भवतो, आणि बशीत दिसणारी पंपांची महती रुग्णात दिसत नाही, असे या पक्षाचे म्हणणे असते. यात तथ्य आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. चाचण्यांमध्ये ज्यांच्या गाठीत पंप मुळात कार्यरतच नव्हता असे अनेक रुग्ण घेतले गेले. त्यांना पंप रोखल्याने काही मिळण्याजोगे नव्हते, तरी त्यांचे निकाल सरासरीत मिसळले गेले. याउलट २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी अंडाशयाच्या कर्करोगाचा संपूर्ण जनुकसंच उपचाराआधी आणि रोग उलटल्यावर असा दोनदा वाचला, तेव्हा उलटलेल्या रोगाच्या सुमारे ८ टक्के नमुन्यांत एबीसीबी१ जनुकाला दुसऱ्याच एखाद्या जनुकाचा सततचा चालक भाग जोडला जाऊन पंप बेसुमार तयार होत असल्याचे आढळले. बहुसंख्य रुग्णांत ही घटना घडत नाही, पण ज्यांच्यात घडते त्यांच्या बाबतीत ती निर्णायक असू शकते. आणि उपचाराआधीच्या नमुन्यात ती बहुधा दिसत नाही.

दुसरा पुरावा औषधनिर्मितीतून मिळतो. पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर डोसिटॅक्सेल निकामी ठरल्यानंतर वापरण्यासाठी २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले कॅबाझिटॅक्सेल हे औषध निवडतानाच त्याची पी-ग्लायकोप्रोटीनशी जवळीक कमी असावी हे पाहिले गेले होते. निर्णायक चाचणीत त्याने मध्यक आयुर्मान १२.७ वरून १५.१ महिन्यांवर नेले. या लाभाचे सगळे श्रेय पंप चुकवण्याला देता येणार नाही, पण पंपाशी झुंजण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो हे त्यातून दिसते. आणि हा प्रश्न जुन्या केमोथेरपीपुरता उरलेलाही नाही. प्रतिपिंडाला विषारी औषध जोडून ते थेट कर्कपेशीत पोहोचवणाऱ्या नव्या, महागड्या संयुग्मांतही आत सोडले जाणारे विष पुष्कळदा याच पंपांच्या आवाक्यातले असते. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगावरील जेमटुझुमॅब ओझोगामिसिन हे त्याचे लवकर लक्षात आलेले उदाहरण होय.

या पार्श्वभूमीवर संयुक्त अरब अमिरातीकडे पाहणे उद्बोधक आहे. १९७९ पासून अल ऐन येथे कार्यरत असलेले तवाम रुग्णालय हे त्या देशातील कर्करोगोपचाराचे जुने केंद्र असून, आता अबू धाबी आणि दुबईतही अद्ययावत कर्करोग विभाग उभे राहिले आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०१९ मध्ये अबू धाबीने अमिराती जीनोम कार्यक्रम सुरू केला. दहा लाख नागरिकांचा जनुकसंच वाचण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. दुबईच्या मोहम्मद बिन राशिद विद्यापीठातील संशोधकांनी अरब वंशाच्या ५३ व्यक्तींच्या जनुकसंचांवरून अरब समाजासाठी संदर्भ-आराखडाही २०२५ मध्ये मांडला. युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेल्या वैद्यकशास्त्राला हे उत्तर आवश्यकच होते, कारण वाहक प्रथिनांच्या जनुकांतील बदल सर्व समाजांत सारख्या प्रमाणात आढळत नाहीत; एबीसीजी२ पंपाला दुबळे करणारा एक परिचित बदल पूर्व आशियात पुष्कळ आढळतो, आफ्रिकेत फार थोडा.

तथापि अशा कार्यक्रमाकडून औषधप्रतिरोधाचे उत्तर मिळेल, ही अपेक्षा तपासून पाहिली पाहिजे. जन्मतः मिळालेला जनुकसंच लाळेतून किंवा रक्तातून एकदाच वाचला जातो आणि त्यातून औषध शरीरात कसे पचेल याविषयी काही उपयुक्त गोष्टी खरोखर कळतात. यकृतात औषधे ओढून घेणाऱ्या वाहकाच्या जनुकातील बदलांमुळे मेथोट्रेक्सेट बालरुग्णांच्या रक्तात अधिक काळ राहते, हे २००९ मध्ये दिसून आले. ५-फ्लुओरोयुरॅसिल पचवणाऱ्या विकराचे जनुक सदोष असेल, तर नेहमीची मात्रा प्राणघातक ठरू शकते. परंतु पी-ग्लायकोप्रोटीनच्या जन्मजात बदलांवरील असंख्य अभ्यासांतून रुग्णशय्येजवळ वापरता येईल असा ठाम नियम हाती आलेला नाही. त्याचे कारण उघड आहे: गाठीतील पंप वाढतो तो उपचाराच्या दबावाखाली, त्या गाठीतच, नंतर. लाळेच्या नमुन्यात तो दिसणे शक्य नाही. जन्मजात जनुकसंच हे रुग्णाचे वाचन आहे. प्रतिरोधासाठी रोगाचे वाचन लागते, आणि तेही रोग उलटल्यावर पुन्हा.

दुसरी मर्यादा लोकसंख्येची आहे. या देशातील दहापैकी जवळपास नऊ रहिवासी नागरिक नाहीत आणि त्यांत सर्वांत मोठा समाज, ३५ लाखांहून अधिक, भारतीयांचा आहे. दुबई, शारजा आणि अबू धाबीत स्थिरावलेली हजारो मराठी कुटुंबे त्यांत येतात. नागरिकांसाठी आखलेल्या जनुकीय कार्यक्रमात त्यांना स्थान नाही, आणि त्यांच्या कर्करोगाचा उपचार बहुधा विमा पॉलिसीची मर्यादा, नोकरीचा करार आणि व्हिसाची मुदत या तिन्ही गोष्टींनी बांधलेला असतो. निदान दुबईत, पहिल्या चार सायकल तिथेच, पुढचा उपचार परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा पुण्या-नाशिकच्या एखाद्या खासगी रुग्णालयात, असा प्रवास त्यामुळे घडतो. अबू धाबीची ‘मलाफी’ आणि दुबईची ‘नाबिध’ या आरोग्यनोंदींच्या जालांनी देशातल्या देशात माहिती वाहती केली आहे, पण समुद्रापलीकडे रुग्ण नेतो ती फाइल, सीडी आणि पॅथॉलॉजीचा कागद. आणि प्रतिरोध समजण्यासाठी जे हवे असते, म्हणजे उपचाराआधीच्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा, कोणते औषध कोणत्या मात्रेत किती काळ दिले आणि त्याला गाठीने केव्हा दाद दिली, हे सर्व एका हाती फारच क्वचित राहते. पहिला तुकडा दुबईतल्या प्रयोगशाळेच्या कपाटात आणि उलटलेली गाठ मुंबईत, अशी स्थिती असेल तर दोहोंची तुलना करणार कोण?

या पोकळीत घरगुती उपायांना जागा मिळते, आणि वाहक प्रथिनांचा प्रश्न तिथे वेगळ्या रूपात उभा राहतो. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत पी-ग्लायकोप्रोटीनला रोखते हे खरे आहे. पण ते आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते, आणि म्हणूनच बाजारातील कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पायपरीन मिसळलेले असते. हे पायपरीन स्वतःच पी-ग्लायकोप्रोटीन आणि औषधे पचवणारे यकृतातील विकर या दोहोंना रोखते, असे २००२ मध्ये दाखवले गेले आहे. भाजीतील चिमूटभर हळद आणि आमटीतले मिरे यांचा येथे संबंध नाही. परंतु केमोथेरपी सुरू असताना डॉक्टरांना न सांगता घेतलेली एकवट मात्रेची कॅप्सूल ही तत्त्वतः झोसुक्विडारच्याच जातीचा, पण मात्रेचे मोजमाप नसलेला प्रयोग ठरते. अल ऐनच्या विद्यापीठात केशराचा उंदरांमधील यकृताच्या कर्करोगावर झालेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असो किंवा भारतातील हळदीवरील संशोधन असो, ते उपयुक्त आहे ते नव्या रेणूंच्या शोधासाठी; त्यावरून रुग्णाच्या ताटाशेजारी बाटली ठेवणे समर्थनीय ठरत नाही.

मग करावे काय? रोग उलटल्यावर पुन्हा बायोप्सी घेऊन पंपाची आणि प्रवेशमार्गांची तपासणी करणे हे उत्तर कागदावर सोपे आहे आणि त्यावरचे आक्षेप खरे आहेत. दुसरी बायोप्सी वेदनादायक असते आणि काही जागी धोक्याची. एका ठिकाणचा तुकडा सगळ्या रोगाचे प्रतिनिधित्व करीलच असे नाही. आणि पंप मोजण्याची सर्वमान्य, सर्वत्र सारखी पद्धत अद्याप रूढ नाही. परंतु पहिल्या दोन आक्षेपांना रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएची तपासणी काही प्रमाणात उत्तर देते, कारण ऑस्ट्रेलियात सापडली तशी जनुकांची जोडणी तत्त्वतः तिथेही दिसू शकते; आणि तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर मोजमाप सोडून देणे हे नसून ते प्रमाणित करणे हे आहे. पंप कार्यरत असल्याचे दिसल्यास त्याच्या आवाक्यातील आणखी एक औषध देण्याऐवजी आवाक्याबाहेरचे औषध निवडता येते, आणि ही निवड आज उपलब्ध असलेल्या औषधांतूनच करता येते. तिच्यासाठी नव्या रोधकाची वाट पाहावी लागत नाही.

यासाठी लागणारी सामग्री अमिरातीत इतर कोणाहून कमी नाही: जनुकवाचनाच्या प्रयोगशाळा, नोंदींची जाले आणि एकाच शहरात नांदणारे अनेक वंशांचे रुग्ण तिथे आहेत. उणीव आहे ती दोन निर्णयांची. एक म्हणजे जनुकीय कार्यक्रमाचा विस्तार निरोगी नागरिकाच्या लाळेपासून रुग्णाच्या उलटलेल्या गाठीपर्यंत करणे, मग तो रुग्ण कोणत्याही देशाचा असो; बिगरनागरिक रुग्णांना वगळून मिळालेली माहिती त्या देशातील कर्करोगाचे अपुरेच चित्र देईल. दुसरा म्हणजे मायदेशी परतणाऱ्या रुग्णाच्या हाती गाठीचा जपलेला तुकडा आणि औषधांचा संपूर्ण, मात्रांसह इतिहास देणे बंधनकारक करणे, आणि तो स्वीकारून पुढे चालवण्याची जबाबदारी भारतातील रुग्णालयांनी घेणे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालाद्वारे भारतातील रुग्णालये एकत्र काम करू लागली आहेत, तेव्हा ही अपेक्षा अवास्तव नाही. अशा तपासणीवरील खर्च विमा कंपन्यांना आज अनावश्यक वाटतो. परंतु ज्या औषधाला पंप बाहेर फेकणार आहे ते औषध आणखी तीन सायकल देण्याचा खर्च, त्यातून रुग्णाला भोगावी लागणारी विषबाधा आणि त्याच्या उरलेल्या आयुष्यातील वाया गेलेले महिने त्या हिशोबात धरले, तर अनावश्यक काय ठरते याचे उत्तर बदलते.